नारायण पेठेतलं लिनोकट वर्कशॉप: एका चित्रकार ताईंच्या घरी पूर्ण दिवस

पुण्यात राहत असाल आणि लिनोकट, म्हणजे लिनो नावाच्या मऊ शीटवर चित्र कोरून, त्याला शाई लावून ते कागदावर छापणं, हे शिकायची इच्छा असेल तर नारायण पेठेत एका चित्रकार ताईंच्या घरी एक दिवसाचं वर्कशॉप होतं, ते करा. 2500 रुपये घेतात, त्यात लिनो, टूल्स, शाई, कागद, दुपारचं जेवण आणि दोन-तीन वेळा चहा सगळं आलं, आणि जाताना तुमच्या हाताने छापलेली चार-पाच चित्रं आणि तो कोरलेला ब्लॉक तुम्ही घरी घेऊन जाता. माझ्याकडून 5 पैकी 4.5. तो अर्धा का कापला ते पुढे सांगतेच, पण आधी हे सांगायचंय की मला तिथे टेक्निकपेक्षा जास्त काहीतरी मिळालं. एक माणूस आयुष्यभर फक्त स्वतःच्या चित्रांवर कसा जगतो, सकाळी उठून काय करतो, काय बघतो, काय टाकून देतो, हे इतकं जवळून मला आजवर कुणी बघू दिलं नव्हतं. मी स्वतः खराडीत एका कंपनीत डिझायनर आहे, दिवसभर स्क्रीनवर काम, त्यामुळे मला याची किंमत जरा जास्तच वाटली असेल, पण आमच्या बॅचमधल्या बाकीच्यांचं मतही काही वेगळं नव्हतं.

ताईंचं नाव आणि पत्ता इथे देत नाहीये, त्यांनीच तसं सांगितलंय. ते त्यांचं राहतं घर आहे, सासूबाई आतल्या खोलीत झोपलेल्या असतात, आणि एका वेळी सहाच जणांना घेतात. बाहेर बोर्ड वगैरे काही नाही. चित्रकला शिकणाऱ्या कुणाला विचारलंत, किंवा अप्पा बळवंत चौकातल्या आर्ट मटेरियलच्या दुकानांमध्ये विचारलंत तरी नंबर मिळेल, मला तसाच मिळाला. गाडी घेऊन जाऊ नका. नारायण पेठेत रविवारी सकाळी टू-व्हीलर लावायला जागा मिळेल एक वेळ, चारचाकी विसरा. मी मेट्रोने गेले आणि पुढे चालत.

याआधी मी एका कॅफेत असंच "प्रिंटमेकिंग" म्हणून एक वर्कशॉप केलं होतं. तिथे डिझाइन आधीच छापून ठेवलेलं, सगळ्यांना तेच पान, तेच फूल, रबराचा मऊ तुकडा, दोन तासांत फोटो काढून मोकळे. कॉफी चांगली होती. पण घरी आल्यावर आपल्याला नक्की काय येतं आता, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथे तसं अजिबात होत नाही, कारण ताई पहिला तास-दीड तास तुम्हाला टूलला हातच लावू देत नाहीत.

त्या वेळात त्या काय करतात तर स्वतःच्या वह्या काढून जमिनीवर मांडतात. साध्या, जाड पुठ्ठ्याच्या, बाइंडरकडून शिवून घेतलेल्या वह्या, कितीतरी वर्षांच्या. "बघा, काहीही उघडा, विचारा" म्हणतात आणि चहा करायला जातात. मी उघडलेल्या वहीत फक्त अडकित्ते होते. पानंच्या पानं अडकित्ते. घोड्याच्या आकाराचे, पोपटाच्या, माणूस-बाईच्या आकाराचे. हे सगळे राजा केळकर संग्रहालयात बसून काढलेले. ताई सांगत होत्या की कॉलेजात असताना, म्हणजे अभिनव कला महाविद्यालयात, त्या दर आठवड्याला तिथे जायच्या आणि एका वेळी एकच काचेचं कपाट निवडायच्या. एक दिवस दिवे, एक दिवस कुलपं, एक दिवस नुसत्या फण्या. दिनकर केळकरांनी हा सगळा संसार गावोगाव फिरून गोळा केला आणि संग्रहालयाला त्यांच्या गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, हे आपल्याला पुण्यात वाढल्यामुळे माहीत असतं, पण आपण तिथे शाळेच्या सहलीत एकदा जातो आणि मग पाहुणे आले की. ताईंचं म्हणणं असं की त्या वस्तू घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, पण त्यांचा हात कळतो, कुणाची रेघ जाड आहे, कुणाला नक्षी भरायची घाई आहे, कुणी एकच जागा मोकळी सोडलीये. लिनोवर कोरताना त्यांना तोच हात आठवतो म्हणे. मला हे पटलं, कारण त्यांच्या प्रिंट्समध्ये ती मोकळी जागा दिसतेच.

दुसरी वही तांबट आळीची. कसबा पेठेतली. तिथे भांड्यांवर ठोके मारून जे माठारकाम करतात, एकेक ठोका शेजारी शेजारी, तो नमुना त्यांनी लिनोत आणलाय. म्हणजे आकाश काळं ठेवायचं नसेल तर ते सरसकट कोरून न टाकता त्यात यू टूलने, म्हणजे यू आकाराच्या टोकाच्या कोरणीने, छोटे छोटे गोल घाव घालायचे, सगळे एका लयीत. छापल्यावर ते आकाश तांब्याच्या घागरीसारखं चमकतं. मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं की मला हे शिकायचंय, आणि शिकले पण, हात जाम दुखला.

इथेच त्यांनी गंगाराम तांबटची गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती आणि आता मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. पेशवाईच्या शेवटच्या काळात, 1790 च्या दशकात, पुण्यातला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट आणि जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार यांच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली होती. गंगाराम चिंतामण तांबट तिथला सगळ्यात नाव घेण्यासारखा चित्रकार. त्याने वेरूळची लेणी काढली, पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, आणि त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शनिवारवाड्यासमोरून आपण रोज हॉर्न वाजवत जातो आणि तिथे कुणी पेन्सिल घेऊन शिकत होतं हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग आला. ताई तर त्याला "आमचा गंगाराम" म्हणतात.

वडिलांचं पण सांगते, कारण या सगळ्याची सुरुवात तिथे आहे. ताईंचे वडील शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, छापल्यावर सुलट होतं, आणि वडील उलटा मजकूर आपण पेपर वाचतो त्या स्पीडने वाचायचे. शाळा सुटली की ताई तिथे जाऊन बसायच्या, ट्रेडल मशीनचा आवाज, केरोसीनचा वास, आणि वाया गेलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची. मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटरवर कंपोझिंग आलं, तो छापखाना बंद पडला आणि खिळे किलोने भंगारात गेले. वडिलांनी घरी आणले ते फक्त पोस्टरसाठीचे लाकडी टाइप, एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. ताईंनी ते आम्हाला हातात दिले. एक मोठा "ळ" आहे त्यात, इतका सुंदर वळणाचा की मी त्याचा फोटो वॉलपेपरला लावलाय.

पुणं आणि छपाई यांचं नातं केवढं जुनं आहे ते त्यांच्याकडून ऐकायला मजा येते. 1878 ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढाकार घेऊन पुण्यात चित्रशाळा काढली, तिथे दगडावर चित्र काढून देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं छापली जायची आणि ती घराघरांत भिंतीवर लागली. पुढे 1894 ला रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि मग तो आपल्या लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला हलला. लोकलने जाताना जे छोटं स्टेशन लागतं तेच मळवली. एकेका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, दगड जर्मनीहून यायचे. ताईंच्या आजीच्या देवघरात अशी एक लक्ष्मी होती आणि लहानपणी त्यांना वाटायचं की हे कुणीतरी हाताने रंगवलंय. ते छापलेलं आहे, आणि तसंच चित्र शेजारच्या घरात पण आहे, हे कळल्यावर त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी एकदम भारी वाटलं होतं म्हणे. एक चित्र शंभर घरांत. त्या आजही कॅनव्हास करत नाहीत, प्रिंट्सच करतात, ते यासाठी. साध्या नोकरदार माणसाला घेता आलं पाहिजे असं चित्र त्यांना करायचंय.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे पेन्सिल बंद. जाड काळा मार्कर आणि व्हिजिटिंग कार्डएवढे कागदाचे तुकडे, त्यावर चित्र काढायचं. कारण लिनोत ग्रे नाही, जे कोराल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं, आणि हा निर्णय पेन्सिलने शेड मारत बसलात की पुढे ढकलला जातो. भिंतीवर त्यांनी बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांच्या 1930 च्या गांधीजींच्या लिनोकटची झेरॉक्स लावलीये, काठी घेऊन चाललेले, मागे सगळं काळं. किती कमी कोरलंय बघा, असं त्या म्हणाल्या आणि मग पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, आम्हालाच बघत बसायला लावलं. शेजारी चित्तप्रसाद यांचं एक लिनोकट, काम करणाऱ्या लहान मुलाचं. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाची त्यांनी केलेली चित्रं मी पूर्वी पाहिली होती, पण ते पुढे मुंबईत अंधेरीला राहून काम करत होते हे इथेच कळलं.

मी माझ्या बाल्कनीतली कुंडी काढली, आमच्या बॅचमधल्या धायरीच्या एका काकांनी त्यांची जुनी लुना काढली, एका मुलीने आजीचा चष्मा. ताई प्रत्येकाजवळ बसतात. काकांनी लुनाचा एकूण एक स्पोक काढला होता, तर ताई म्हणाल्या, "काका, तुम्हाला लुनाचं काय आठवतं सगळ्यात जास्त?" काका म्हणाले, पॅडल मारत चढ चढायचा तो. "मग चाक अर्धंच घ्या आणि पॅडल मोठं करा." बास, एवढंच. काकांचं चित्र आमच्या सगळ्यांत उजवं झालं शेवटी.

डिझाइन ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने घ्यायचं, लिनोवर पालथं ठेवायचं आणि मागून चमच्याने घासायचं, म्हणजे ते आपोआप उलटं उतरतं. अक्षरं असतील तर हे फार महत्त्वाचं. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बाटलीचं बूच ज्याचं करतात त्या कॉर्कचा भुसा, राळ वगैरे तागाच्या कापडावर बसवलेलं असतं, मुळात फरशीवर घालायला निघालेली गोष्ट, थंडीत ती कडक होते. ताई ते तुकडे सकाळीच गच्चीवर उन्हात ठेवतात, ऊन नसेल तर वर पेपर ठेवून हलकी इस्त्री फिरवतात, आणि मग टूल इतकं अलगद जातं की थांबावंसं वाटत नाही. एक नियम मात्र कडक: दुसरा हात कायम टूलच्या मागे. त्यासाठी पुढे आणि मागे पट्टी ठोकलेले लाकडी पाट करून घेतलेत, ब्लॉक त्या पट्टीला टेकवायचा म्हणजे निसटत नाही. वळण कोरताना हात न फिरवता ब्लॉक फिरवायचा. दर थोड्या वेळाने टूल चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावायची. ही धार लावायची सवय मी घरी पण सोडलेली नाहीये, बोथट टूलला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरून हातात जातं.

जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. सासूबाई पण येऊन बसल्या. जेवताना कुणीतरी विचारलं की ताई, यावर घर चालतं का. मला वाटलं त्या विषय बदलतील. त्यांनी उठून हिशोबाची वही आणली. आकडे मी इथे लिहिणार नाही, त्यांचे आहेत, पण ढोबळ सांगायला हरकत नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या. सगळ्यात जास्त पैसे लग्नपत्रिकांच्या डिझाइनचे आणि या वर्कशॉपचे. मग कंपन्यांची कॅलेंडर्स. दिवाळी अंकांची चित्रं दरवर्षी श्रावण-भाद्रपदात येतात, मानधन थोडं असतं पण त्यांना ते काम सोडवत नाही, कारण कथा वाचून चित्र सुचणं हा वेगळाच आनंद आहे. आणि स्वतःच्या प्रिंट्स सगळ्यात शेवटी. बालगंधर्वच्या कलादालनात त्यांनी प्रदर्शन केलं होतं तेव्हा जागेचं भाडं, फ्रेम, ट्रान्सपोर्ट सगळं वजा जाता जेमतेम बरोबरीत आलं. आधी त्या एका जाहिरात एजन्सीत होत्या, चांगला पगार होता, मुलगी बारावी झाल्यावर सोडलं. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून जमतं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला याबद्दल त्यांचा फार आदर वाटला. "पॅशन फॉलो करा" असं सांगणारे खूप भेटतात, भाडं कोण भरतं हे सांगणारं कुणी भेटत नाही.

वर्षाचं वेळापत्रक पण हवेवर ठरतं. तेलाची शाई पावसाळ्यात वाळतच नाही, आठवडाभर दोरीवर लटकलेली प्रिंट बोटाला लागते, म्हणून जून ते सप्टेंबर फक्त कोरायचं आणि छपाई दिवाळीनंतर. उन्हाळ्यात शाई पातळ होते, तेव्हा पहाटे छापायचं. म्हणून वर्कशॉप पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच असतं.

जेवणानंतर आम्ही कोरत बसलो आणि ताई त्यांचं स्वतःचं काम करत बसल्या, आणि माझ्यासाठी दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. त्या तेव्हा मंडईवर एक मोठा ब्लॉक करत होत्या. आपली महात्मा फुले मंडई, 1886 ची ती इमारत, मधला अष्टकोनी टॉवर वर आणि खाली भाजीवाल्या. महिनाभर कोरत होत्या. त्यांनी पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रिंट, काढलं, भिंतीला लावलं, लांब जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे "वा" करून मोकळे. खरंच देखणं होतं, टॉवरची एकेक कमान कोरलेली. ताई म्हणाल्या, "मंडई दिसतीये, पण आवाज येत नाहीये." मग त्यांनी प्रूफवर पांढरा पोस्टर कलर घेऊन जिथे अजून कोरता येईल तिथे रंगवून बघितलं. जमेना. एकदा कोरलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे मार्ग दोनच, अजून कोरा नाहीतर सोडून द्या. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि प्रूफच्या वरच्या भागावर धरला, हळूहळू खाली सरकवत आणला. टॉवर झाकला गेला. खाली राहिल्या फक्त बायका, तराजू, पाट्या, मेथीच्या जुड्या, आणि एक हात वर करून कुणाला तरी हाक मारणारी म्हातारी, जी आम्ही टॉवर बघण्याच्या नादात बघितलीच नव्हती.

मी विचारलं, पण ताई, टॉवरमुळेच ते पुण्याचं चित्र आहे ना, लोक तेच घेतील. त्या म्हणाल्या, "हो गं, अमेरिकेला मुलाकडे घेऊन जायला टॉवरच लागतो. ते विकलं जाईल हे मला माहितीये." आणि मग थोडा वेळ गेला, त्यांनी चहा पण प्यायला, आमच्यातल्या दोघांना मदत केली, आणि परत येऊन पट्टी लावून कटरने ब्लॉकचा वरचा भाग सरळ कापून टाकला. महिन्याचं काम. त्या म्हातारीला त्यांनी गेली कित्येक वर्षं वहीत काढलंय, ती वही नंतर दाखवली आम्हाला, तीच बाई, तोच कोपरा, आधी काळे केस मग पांढरे. चित्र तिचं होतं, टॉवर मधे आला होता.

ऑफिसमध्ये मी रोज लेयर हाइड करते, अनडू करते, दहा व्हर्जन सेव्ह करते, त्यात काही वाईट नाही, ते काम तसंच असतं. पण एखाद्या गोष्टीवर इतका वेळ घालवून, ती विकली जाणार हे माहीत असून, चित्राला नकोय म्हणून ती कापायची, हे डोळ्यासमोर घडताना बघितल्यावर माझं स्वतःच्या कामाकडे बघणं बदललं. हे कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत मिळणार नाही, आणि 2500 रुपये मी याचेच दिले असं मी धरते.

छपाई संध्याकाळी. काचेवर शाई पसरायची, खूप कमी, त्यांच्या मते नवशिका माणूस कायम दुप्पट शाई घेतो. रोलर फिरवताना एक बारीक चरचर ऐकू यायला लागते, तो आवाज आला की थर बरोबर बसला, आवाज चिकट झाला की शाई जास्त झाली. ताई लांबून पाठमोऱ्या असताना पण सांगत होत्या, "काका, कमी करा." शाई ऑफसेटच्या छापखान्याची, किलोच्या डब्यातली, बाहेरून आलेल्या महागड्या ट्यूब त्या वापरत नाहीत. पातळ नेपाळी कागद असेल तर चमच्याच्या पाठीने हातानेच घासायचं, आणि जाड हातकागद असेल तर बाइंडरकडून घेतलेली जुनी स्क्रूची प्रेस. हातकागदाची त्यांची श्रद्धा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेवर, जी 1940 पासून तिथे आहे आणि जिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्या कागदाची कडा कापायची नाही, तशीच ठेवायची, हा त्यांचा अजून एक कडक नियम.

पहिली प्रिंट कागदावरून उचलताना सगळे गप्प होतात. माझी कुंडी उलटीची सुलटी होऊन आली, मागे तांबटाच्या ठोक्यांचं आकाश, आणि मी अक्षरशः ओरडले. मग खाली पेन्सिलने नंबर घालायचा, पाच काढल्या तर 1/5, 2/5 असं, आणि सही. ठरवलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त काढायची नाही. ताई त्यांची एडिशन 25 ची ठेवतात आणि संपली की ब्लॉकवर आडवी रेघ कोरतात, म्हणजे घेणाऱ्याला शब्द दिलाय तो पाळला. हात आणि काच पुसायला केरोसीनच्या ऐवजी आधी खायचं तेल, मग साबण, त्यामुळे घरभर वास नाही.

आता तो कापलेला अर्धा मार्क. एक म्हणजे वेळ. दहा ते सहा सांगतात, आम्ही बाहेर पडलो तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि त्याचं कारण सकाळच्या गप्पा. मला त्या गप्पा हव्याच होत्या, पण आमच्यातल्या एकीला घरी लहान बाळ होतं, तिला घाईत दोनच प्रिंट्स काढून निघावं लागलं, हे बरोबर नाही झालं. दुसरं, चांगली टूल्स दोनच सेट आहेत, बाकीचे साधे, त्यामुळे बारीक काम करायला थांबावं लागतं. सहा जणांकडून फी घेतल्यावर सहा चांगली व्ही टूल्स असायला हवीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. तिसरं, सहानंतर उजेड कमी पडतो, एकच ट्यूब आहे, कोरायला तर ते धोक्याचंच, काकांना बोटाला थोडं लागलं ते त्याच वेळी. एक टेबल लॅम्प प्रत्येकाला हवा. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. आणि व्हॉट्सॲपवर उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात, त्या कामात असल्या की फोन बघतच नाहीत, सरळ संध्याकाळी कॉल करा.

जाताना काय न्यायचं: जुने कपडे किंवा ॲप्रन, चष्मा असेल तर चष्मा, आणि तुमच्या घरातली किंवा गल्लीतली अशी एखादी गोष्ट डोक्यात घेऊन जा जी तुम्ही रोज बघता. पिंटरेस्टवरून काही नेऊ नका, ताई बघतात आणि बाजूला ठेवतात. तिथून परत येताना अप्पा बळवंत चौकात एक चांगलं व्ही टूल आणि एक मध्यम यू टूल सुटं घ्या, दहा टूल्सचा स्वस्त सेट घेऊ नका, त्याची धार दोन दिवसांत जाते. लहान मुलांना नेऊ नका, पंधरा वर्षांखालच्यांना त्या घेत नाहीत आणि ते योग्य आहे.

मंडईचं ते कापलेलं चित्र डिसेंबरात छापून झालं. मी त्यातली 4/25 घेतली. ताईंनी किमतीत काही सूट दिली नाही आणि मी मागितली पण नाही. दोन रंगांचं पुढचं वर्कशॉप, एकच ब्लॉक कोरत कोरत त्याच्यावरून एकेक रंग छापत जायचं ते, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आहे, फी 3200, त्यातल्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत असं काल फोनवर म्हणाल्या.